जिवाळी

पत्री मारून झाली, बैल पाय टेकताना अवघडला आणि मारणारा म्हणाला, "नवी पत्री हाय, दोन दिसात सरावंल." हे वाक्य आजही कुठे कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी एका मुक्या जनावराला तीन दिवस गाडीला जुंपलं होतं.

घनसावंगी तालुक्यात आमची चार एकर काळी जमीन. जायकवाडीचा डावा कालवा आला, भागात ऊस आला, कारखाने आले. आणि ज्यांच्या रानात पाणी पोचलं नाही ते आमच्यासारखे लोक दिवाळी झाली की बैलजोडी घेऊन ऊसतोडीला टायरगाडीवर जायला लागले. उचल, मुकादम, कोपी, काट्यावरची रांग हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

पत्री म्हणजे बैलाच्या खुराची नाल. शेतातल्या कामाला ती लागत नाही. मऊ रानात खूर रुततो आणि धरतो. डांबरावर उसाची गाडी ओढायची तर खूर घासत घासत जिवाळीपर्यंत, म्हणजे आतल्या जिवंत मांसापर्यंत येतो. घोड्याला एक अखंड नाल पुरते. बैलाचा खूर दोन नख्यांत दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, बैलाला आठ, जोडीला सोळा पत्र्या. खिळे मारायचे ते नखीच्या बाहेरच्या कडेनेच. आतल्या बाजूचं कवच पातळ असतं. खिळा तिरपा शिरून कवचातूनच बाहेर निघाला पाहिजे, मग त्याचं टोक मोडून दाबून टाकायचं. रस्त्याला खरी धरते ती पत्री नव्हे, तिच्यावर उठून राहिलेली खिळ्यांची डोकी. ती झिजून सपाट झाली की बैल साबणावर उभा असल्यासारखा.

आमच्या पाखऱ्या-हौशाच्या जोडीचंही तसंच झालं. पहाटेची खेप होती. रस्ता दवाने ओला, त्यावर पाचट सांडलेलं, पुढे उतार. पाखऱ्याचे पुढचे दोन्ही पाय एकदम सरकले आणि तो गुडघ्यांवर आला. मागून भरलेली गाडी रेटत होती. हौशाने जू तोलून धरलं म्हणून दोघं वाचले. त्या क्षणी मी ठरवलं, आजच्या आज नव्या पत्र्या, आणि खिळे सगळ्यांत मोठ्या डोक्याचे.

आमच्या बैलांना नेहमी पत्र्या मारायचे जालन्याचे एक म्हातारे चाचा. ते बैल उपाशी आणायला सांगत, कारण भरल्या पोटी पाडलेला बैल फुगतो. पाडायच्या जागी आधी गवत पसरत, शिंगाखाली पोतं घालत. आणि खिळा हातात घेण्याआधी नखी तासून, बोटांनी दाबून बघत. पाखऱ्याच्या नख्या पातळ आहेत, त्याला बारीकच खिळा, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. पण चाचा लांब, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तरी मुकादम तोंड सोडणार. उसाच्या अड्ड्यावर एक तरुण पोरगा पत्र्या मारत होता. त्याच्यासमोर बैलांची रांग लागलेली.

त्याने पाखऱ्याला दोरानं पाडला, चारही पाय बांधले. नखी तासलीच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या नखीत तिसरा खिळा जाताना पाखऱ्याने सगळं अंग असं झटकलं की मानेवर बसलेला माझा भाचा बाजूला पडला. खिळा कवचातून बाहेर निघताना आवाज टणक येतो. त्या खिळ्याचा आला नाही. मी ते ऐकलं होतं. "काढ तो," म्हणालो. तो म्हणाला, "मालक, बैल नाटकी हाय तुमचा." मागचे गाडीवान घाई करत होते. मी गप्प बसलो.

उठल्यावर पाखऱ्या तो पाय टेकेना. तेव्हा ते सरावण्याचं वाक्य आलं. पहिल्या दिवशी तो लंगडत ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी उभा असताना पाय उचलून धरायला लागला. उसाच्या वाढ्यांना तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी चढावर थांबला तेव्हा मी त्याला चाबूक मारला. हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री नखीला हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. टेम्पो करून दोन्ही बैल जालन्याला नेले. चाचांनी पकडीने एकेक खिळा हलके दाबला. तिसऱ्यावर पाखऱ्या हंबरला. खिळा उपसला तसा काळा पू आला आणि असा वास की मी मागे सरलो. चाचा एवढंच म्हणाले, "जिवाळी में गया, बेटा. तीन दिन कैसे रखा?"

जनावरांच्या डॉक्टरांनी जखम मोकळी केली, इंजेक्शनं दिली. दीड महिना बैल दावणीला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहिली, ती पुढच्या हंगामात फेडली.

त्या पोराला मी कित्येक वर्षं शिव्या दिल्या. आता वाटतं, मोठा खिळा मागितला तो मीच; पातळ नखी माहीत होती ती मला; त्याला कोण शिकवणार होतं? ट्रॅक्टर दुरुस्तीचं शिक्षण आयटीआयमध्ये मिळतं, पत्री मारण्याचं मिळत नाही. हंगामात हजारो बैल जिथे उभे असतात तिथे एक जनावरांचा डॉक्टर कायम का नसावा? तरीही "नाटकी" म्हणाला ते मी त्याला माफ केलेलं नाही.

अजून ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्यांना सांगतो. पत्री मारल्यावर पैसे लगेच देऊ नका. बैलाला आधी कठीण जमिनीवर वीस पावलं चालवा. पाय चोरत असेल तर तिथल्या तिथे खिळा काढायला लावा, मागे कितीही रांग असो.