वास्तु तथास्तु म्हणते

घरात कुणी अभद्र बोलले की आई लगेच म्हणायची, "वास्तु तथास्तु म्हणते रे!" म्हणूनच बाबांच्या छातीत कळ आली त्या रात्री आम्ही सगळे "काही नाही, गॅस असेल" असेच म्हणत राहिलो. वाईट विचार मनात आणायचाच नाही ना! पहाटे इस्पितळात नेले, तेव्हा उशीर झाला होता.

मध्य प्रदेशातल्या गोटमारीची बातमी वाचली की मला ती रात्र आठवते. पांढुर्णा आणि सावरगाव, मधून जाम नदी. दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचे झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगडफेक होते. चंडीमातेचे नाव घेऊन उतरायचे, मग आपल्याला काही होणार नाही ही श्रद्धा. तरी दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर कित्येकांचा जीवही गेला. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले.

दगडाला आपल्या मनातले कळत नाही. पण तिथे डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीपासून तयार असतात, कारण कुणीतरी वाईट विचार करून ठेवलेला असतो. त्या 'नकारात्मक' विचाराने किती जण वाचले असतील!

चांगल्या विचाराने धीर येतो, हे खरेच. आईचे दिवस त्यावरच निघतात. पण आता तिने "जरा बरे वाटत नाही" म्हटले की मी "काही नाही" म्हणत नाही. आधी रिक्षा बोलावतो.

वास्तूला तेवढे चालत असावे.