कापसाच्या शिवारातला रेडिओ

देवळी मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला, की यवतमाळ जिल्हा लागतो. पुण्यामुंबईकडच्या माणसाला हा जिल्हा वर्तमानपत्रातून माहीत, आणि वर्तमानपत्रातून कळणाऱ्या जिल्ह्याची बातमी सहसा चांगली नसते. गेल्या वर्षी कार्तिकात मी गेले, तेव्हा मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोंडे फुटली होती, मधूनमधून तुरीची हिरवी ओळ होती, आणि जमीन अशी काळी की नुसती खिडकीतून पाहूनही चपला जड झाल्यासारखे वाटावे. कळंबला बस थांबली. तिथला चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली बसला आहे; पायऱ्या उतरून दर्शनाला जावे असे फार वाटले. पण कंडक्टरसाहेबांनी चहापुरतीच सवड दिली होती.

मराठी शिकवणाऱ्याला यवतमाळ म्हटले की साहित्यसंमेलन आठवायचेच. १९७३ साली ते इथे भरले, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, म्हणजे १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत देत ज्यांच्या गीतरामायणाने महाराष्ट्राला रेडिओभोवती बसवले, ते कवी. लोक रेडिओलाच हार घालीत, असे आमच्या घरातली वडील मंडळी सांगत. पुढे २०१९ च्या जानेवारीत ब्याण्णवावे संमेलन पुन्हा इथे आले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने मोठे वादळ झाले, आणि अखेर उद्घाटन केले ते राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. 'तेरवं' या नाटकातही त्यांनी काम केले होते. मांडवातल्या हजारोंनी त्या दिवशी एका विधवेचे बोलणे ऐकले. पण मांडव तीन दिवसांत उतरतो, आणि मागे राहिलेल्या बाईला तलाठ्याकडे, बँकेत, भावकीत रोज उभे राहावे लागते.

माझी मैत्रीण मला राळेगाव तालुक्यातल्या एका गावी घेऊन गेली. वेचणी चालू होती. बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या होत्या आणि एकीच्या ओटीशेजारी लटकवलेल्या पिशवीतून आवाज येत होता. मोबाइलवर रेडिओ लावलेला! मी नवल केले, तर ती म्हणाली, "टीव्ही पाहाले बसा लागते जी. रेडिओले फक्त कान लागते." यवतमाळला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र आहे, १०२.७ वर लागते. आपल्या बोलीतला, आपल्या तालुक्यांची नावे घेणारा आवाज शिवारात पोचतो, ही गोष्ट शहरात बसून क्षुल्लक वाटते.

ऐकणे आणि ऐकून एकत्र बोलणे यांत फरक आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीने आपल्याच मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. वीस कार्यक्रम झाले. ऐकायचे, चर्चा करायची, मग काय करायचे ते ठरवायचे, अशी पद्धत. ती कॅनडातून आलेली. प्रयोग गाजला. पण त्या मंडळांत बसत ते प्रामुख्याने पुरुष. बायकांच्या कानांवर जे पडे, ते बहुधा भिंतीआडून.

रेडिओचे दुसरे रूपही विसरता येत नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात एका नभोवाणीने शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर घातले. त्याच देशात २००४ पासून दोन भांडखोर गावांची एक नभोनाट्यमालिका सुरू झाली. गटागटाने वर्षभर ती ऐकवून एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिचा अभ्यास केला. ऐकणाऱ्यांची मनातली मते फारशी हलली नव्हती. मात्र "आपल्या लोकांत काय चालते, काय चालत नाही" याविषयीची त्यांची समजूत बदलली होती. मला हे पटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दुसऱ्या गावाने तो ऐकला, की "लोक काय म्हणतील" या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळते.

त्या वेचणाऱ्या बायकांत एक जण होती, तिचा नवरा जाऊन तीन वर्षे झालेली. वाटणीला आलेले चार एकर अजून त्याच्याच नावावर होते. २०१८ साली महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा स्त्रियांकडे चौकशी केली, तेव्हा शंभरांतल्या सुमारे चाळिसांच्या नावावर जमीन झालेली नव्हती, ही त्यांतलीच. "भासरे म्हणते, घरचीच तं जमीन हाये, कुठं पळून चालली? अर्ज केला का गावात तंटा लागन." २००७ पासूनच्या तंटामुक्ती मोहिमेने पुष्कळ गावांतली कोर्टाची खेटी वाचवली हे खरेच, पण 'तंटा नको' हे वाक्य कुणाच्या सोयीचे असते ते मला त्या दिवशी कळले.

रेडिओवर कुणी वकीलबाई वारसनोंदीविषयी बोलल्या होत्या. नवऱ्यामागे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. भावाचा नंबर नंतरचा. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला लावून अर्ज द्यायचा. त्याने फेरफार लिहून नोटीस काढायची. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची. हे ओसरीवर बसून ऐकणाऱ्यांत सासूही होती. वारसांत आपलेही नाव येते, हे म्हातारीला सत्तर वर्षांत कुणी सांगितले नव्हते. थोरल्या मुलाची बाजू घेणारी ती, दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर चावडीवर गेली.

मी निघाले तेव्हा नोटीस लागून नऊ दिवस झाले होते. भासरे आदल्या दिवशी यवतमाळला जाऊन आले होते. कशासाठी, ते त्यांनी घरात सांगितले नव्हते. सून सकाळीच ओटी बांधून वेचणीला निघाली. जाताना मोबाइल म्हाताऱ्या सासूजवळ ठेवून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही ऐकजा, अन् मले मंग सांगजा."