प्रिंटर रुसला तर...

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होत नसेल तर तुम्ही काय करता? लगेच दुरुस्तीला धाडता का? मुळीच नाही. आधी रिंग नीट बसली का पाहता, मग शिट्टीच्या भोकात शीत अडकलंय का, मग आत पाणी आहे ना. एका वेळी एकच गोष्ट, तीही जवळची आधी. पण हेच शहाणपण कॉम्प्युटर समोर आला की आपण गुंडाळून ठेवतो, आणि म्हणतो, "ते काही आपलं काम नव्हे बाई!"

आमच्या जवळा बाजारात दुरुस्तीवाला यायचा तो हिंगोलीहून नाहीतर परभणीहून. त्याला दोन दिवस लागतात, आणि काही कामं दोन दिवस थांबत नाहीत. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकच. मध्ये एक लहानशी डबी आहे, तिला प्रिंट सर्व्हर म्हणतात. तिन्हीकडची कामं घ्यायची, रांगेत लावायची आणि एकेक करून प्रिंटरला द्यायची, हे तिचं काम. एका जूनमध्ये रात्रभर वीज गेली आणि सकाळी प्रिंटर ढिम्म! समोर एका मुलीचे वडील मजुरी बुडवून टीसीसाठी बसलेले, अकरावीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस.

"नेट नाही ना, मग प्रिंट कशी निघणार?" असं कुणीतरी म्हणालंच. पण बरं का, बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी ऑफिसातल्या ऑफिसात छपाई होऊ शकते. राउटर तेवढा चालू हवा.

मग आम्ही क्रमाने पाहत गेलो. डबीचे दिवे लागलेत का? वायर खटकन आवाज येईपर्यंत आत गेली आहे का? कॉम्प्युटर चुकून कुणाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला तर जोडलेला नाही? तसा असेल तर त्याला प्रिंटर दिसणारच नाही. हे सगळं ठीक होतं. मग डबीवरचं बटण दाबलं, तशी तिने स्वतःची माहिती कागदावर छापून दिली! म्हणजे डबी आणि प्रिंटर धडधाकट, घोळ वाटेत होता.

त्या कागदावर पत्ता होता १९२.१६८.१.२४, आणि कॉम्प्युटरमध्ये लिहिलेला होता १९२.१६८.१.२०. असं होतं, कारण हे आकडे राउटर वाटतो, आणि तेही ठराविक मुदतीपुरते. वीज जाऊन आली की कधी कधी ते बदलतात. बिऱ्हाड बदललेल्या माणसाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहावीत, तसंच हे! कॉम्प्युटरमध्ये नवा आकडा घातला आणि दहा मिनिटांत टीसी वडिलांच्या हातात पडली.

कागदावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डबीला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असं समजा. राउटर आणि वायर पुन्हा पाहा. पत्ता बरोबर असूनही छपाई होत नसेल, तर रांगेत पहिलंच काम अडकलंय का पाहा. ते रद्द केलं की मागची सुटतात. डबी हाकेला ओ देते का, हे पाहायला कॉम्प्युटरवर 'पिंग' नावाची सोय आहे. १९८३ साली माईक मूस या अमेरिकन गृहस्थांनी ती तयार केली. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव दिलं.

पुन्हा हा त्रास नको असेल तर राउटरमध्ये डबीसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. तो वहीत लिहा आणि डबीवरही चिकटवा. जळका वास आला किंवा वायर उघडी दिसली तर मात्र हात लावू नका. एवढं करूनही जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवा, पण काय काय तपासलं ते फोनवरच सांगा. पुष्कळदा त्याचा फेरा वाचतो आणि आपले पैसेही.