बटण दाबलें, पण काच हलेना

जुन्या वस्तूंविषयीं प्रत्येक घरांत दोन पक्ष असतातच. एक म्हणतो, मोडलें तें टाकावें. दुसरा म्हणतो, कोठें मोडलें तें आधीं पाहावें. आम्हीं ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. त्यामुळें आम्ही साहजिकच दुसऱ्या पक्षाचे. शुद्धलेखनांत एक अक्षर चुकलें म्हणून सबंध वही कोणी फाडून टाकीत नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत २० वर्षांची एक मोटारगाडी आहे. तिच्या मागच्या डाव्या खिडकीशीं आमच्या मातोश्रींची जागा ठरलेली. त्यांचें वय ८८. दम्याचा विकार असल्यामुळें एसीची थंड हवा त्यांस सोसत नाहीं. काच खालीं केली कीं त्यांस बरें वाटतें. गेल्या ज्येष्ठांत नेमकी तीच काच मिटलेल्या स्थितींत अडकून बसली. एका गॅरेजवाल्यानें दार न उघडतांच निकाल दिला, “मोटर आणि रेग्युलेटर, सगळेंच बदलावें लागेल,” आणि कित्येक हजारांचा आंकडा सांगितला. पुतण्या म्हणाला, “काका, इतका खर्च करण्यापेक्षां गाडीच काढून टाकूं या.” मातोश्री मात्र म्हणाल्या, “मी घरींच राहीन. माझ्यासाठीं कांहीं करूं नका.” हें वाक्य आम्हांस फार लागलें. रुग्णालय, देऊळ आणि लेकीचें घर एवढेंच आतां त्यांचें जग. तेंही एका काचेपायीं मिटावें काय?

आमचे धाकटे बंधु मुंबईंत नोकरीस होते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो प्रलय त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. त्या दिवशीं कांहीं माणसें बंद गाड्यांतच अडकून मृत्यु पावलीं. बंधु म्हणाले, “दादा, गाडी ठेवायची कीं विकायची तें तुम्ही ठरवा, पण न उघडणाऱ्या काचेमागें आईला बसवूं नका.” प्रश्न आतां केवळ सोयीचा राहिला नाहीं.

येथें या यंत्राची थोडी माहिती देणें उचित होईल. बटणानें हलणारी काच ही अगदीं नवी गोष्ट नव्हे. १९४० सालीं अमेरिकेंत पॅकार्डच्या गाड्यांत ती आली होती. हल्लीं दाराच्या पोटांत १२ व्होल्टची एक लहान मोटर असते. ती तारदोरीनें किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांनीं काच वरखालीं करते. या सांगाड्यास रेग्युलेटर म्हणतात. मोटरीच्या दोन तारांतील विजेची दिशा बटणानें उलटली कीं काचेचीही दिशा उलटते. सारी करामत एवढीच.

आमच्या आळींतील एका वृद्ध मिस्त्रींस आम्हीं बोलाविलें. ते म्हणाले, “मास्तर, आधीं ऐकायचें, मग खोलायचें.” मोटरीचा आवाज येतो पण काच हलत नाहीं, तर दोष बहुधा रेग्युलेटरांत. काच रडतखडत चढते, तर रबरी खांचेंत धूळ सांचलेली. सर्वच काचा मेल्या, तर आधीं फ्यूज पाहावा. आमच्या बाकीच्या तीन काचा चालत होत्या. ही मात्र चालकाजवळच्या बटणानेंही हलेना आणि दारावरच्या बटणानेंही नाहीं. आवाजही नव्हता.

मिस्त्रींनीं दाराचें अस्तर काढलें, बॅटरीपासून दोन तारा आणून थेट मोटरीस लावल्या, तों काच सरसर खालीं आली! तारा उलट लावतांच वर गेली. म्हणजे मोटर निर्दोष, रेग्युलेटरही निर्दोष. मग मोटरीकडे येणाऱ्या तारांस त्यांनीं टेस्ट लँप लावला. बटण दाबूनही दिवा लागेना. न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तोच हा विचार. वीज असतां काच हलते, नसतां हलत नाहीं. तेव्हां वीज वाटेंत कोठें अडते एवढेंच शोधावयाचें उरलें.

बिजागरीजवळ गाडीच्या अंगांतून दारांत जाणारी एक रबरी नळी असते. ती सरकवितांच एक तार आंतल्या आंत तुटलेली सांपडली. दार उघडतांना-मिटतांना त्या तारा दर वेळीं वांकतात. मिस्त्रींनीं थोडी सैल राहील असा नवा तुकडा डाक देऊन जोडला, खांच पुसून सिलिकॉनचा फवारा मारला आणि बजाविलें, “येथें तेल घालूं नका, रबर फुगतें.” सारें काम दीड तासांत आटोपलें, खर्च गॅरेजवाल्याच्या आंकड्याच्या दशांशही आला नाहीं. मातोश्री ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, माझ्यासाठींच तें दार रोज सताड उघडत होतां ना? मग त्याची शीर तुटायचीच!”

ज्या घरांत अशी जुनी गाडी असेल, त्यांस दोन शब्द सुचवितों. बोट अडकतांच काच आपोआप मागें फिरण्याची सोय बहुतेक जुन्या गाड्यांत नसते. म्हणून मुलें मागें बसलीं असतां चालकाजवळचें कुलुपाचें बटण दाबून ठेवावें. गाडी पाण्यांत सांपडली तर वीज शाबूत आहे तोंच काच खालीं करावी. तें न साधलें तर पुढच्या काचेवर घाव घालण्यांत वेळ दवडूं नये. ती थरांची असते. बाजूची काच बहुधा कोपऱ्यावर टणक, टोकदार वस्तूनें मारल्यास फुटते. आणि वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, चारही काचा चढवून-उतरवून पाहाव्या. घरांतील वडील माणसें आपली अडचण स्वतः सांगत नाहींत. ती आपणच पाहिली पाहिजे.