खाड्याचा रकाना

ऊसतोडीचा भाव वाढला की बाकीचं आपोआप मार्गी लागतं, असं माझं ठाम मत होतं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या वडवणीत दुसरं मत कानावरही पडत नसे. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा ठिकाणी संप म्हणजे भाववाढ आणि नेता म्हणजे भाववाढ मिळवून देणारा, हे ऊसतोड मजुरांचे नेते गोपीनाथराव मुंड्यांच्या काळापासून डोक्यात बसलेलं. मी नात्यातल्या एका मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळीचा हिशेब लिहितो, त्यामुळे टनाचा आकडा माझ्या जिव्हाळ्याचा.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर कारखाने आणि ऊसतोड संघटनांमध्ये तीन वर्षांचा करार झाला. ३४ टक्के वाढ. टनाला २७३ चे ३६६ रुपये. आम्ही पेढे वाटले. पुढे पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परतली आणि हिशेबाला बसलो, तेव्हा एका काकूंनी विचारलं, "भाऊ, भाव वाढला म्हणता, मग आमच्याकडंच बाकी कशी निघली?"

मी वही पुढे केली. हंगामाआधी घेतलेली उचल, टनेज, किराणा आणि शेवटी खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड. नाव त्यांच्या नवऱ्याचं, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता आणि वहीत नाव एकाचंच. शेवटच्या रकान्यात लाल शाई बरीच होती. काकूंना वाचता येत नाही, पण खाडे त्यांना तोंडपाठ. "एक लेकराला ताप आला तवाचा. एक माझ्या कमरेचा. अन् त्यो मयतीला आलो होतो तवाचा, त्यो बी धरला का?" धरला होता. मीच लिहिला होता.

गणित अवघड नाही. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. टनामागे ९३ रुपये वाढले, म्हणजे दोघांत मिळून दिवसाला १८६. खाडा पाचशे, कुठे कुठे हजार. हजाराचा एक खाडा पाच दिवसांची वाढ खाऊनही पुरा होत नाही, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. दोघांतलं एक जण कोपीत पडून राहिलं, तरी कोयता बंद म्हणून खाडा दोघांवर.

पहाटे फडात शिरल्यापासून रात्री गाडी भरेपर्यंत किती तास गेले, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. न आलेला दिवस तेवढा लिहिला जातो. त्याच कारखान्यात, काट्याच्या पलीकडे, कायम कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे, वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा आहे, जादा तासांना दुप्पट पैसे आहेत. तोडणारा मात्र कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो पैसा कारखान्याचा.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. कारणं बरीच सांगितली गेली: डॉक्टरांची कमाई, बालविवाह, अज्ञान. सगळी खरी असतील. पण वही लिहिणाऱ्याला त्यात खाडाही दिसतो. पाळीच्या दिवसात दोन दिवस बसणं परवडत नसेल, तर बाई पाळीच बंद करायला निघते.

म्हणून पुढच्या कराराच्या वेळी वाढ थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण खाडा बंद करा, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्या आणि बाईचं नाव, तिची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा, असं मी आता म्हणतो. आमचे मुकादम यावर हसत नाहीत, चिडतात. "एक कोयता बसला की गाडी भरत नाही, अन् कारखाना माझं कमिशन कापतो. तू भरणार का?" बिनतोड नसलं तरी बोलणं खोटंही नाही. दोन ठिकाणांहून उचल घेऊन पसार झालेल्या कोयत्यापायी जमिनी विकलेले मुकादमही याच तालुक्यात आहेत.

उचलीबद्दल मात्र माझं मत होतं तेच आहे. ती बंद करा, असं शहरातून आलेले कार्यकर्ते सांगतात तेव्हा मी गप्प बसतो. पोरीचं लग्न काढलेल्या माणसाला ऐन पावसाळ्यात लाख-दीड लाख रुपये तारण न मागता देणारी बँक वडवणीत मला तरी कुणी दाखवलेली नाही.