पाहण्याची शिकवणी

वाचण्यासाठी शाळा लागते, गाण्यासाठी गुरू लागतो. पाहण्यासाठी मात्र देवाने दिलेले दोन डोळे पुरेत, असे आपण सारेच धरून चालतो. म्हणूनच चित्रापुढे उभे राहिलो की ‘छान आहे’ आणि ‘कळले नाही’ या दोन शेऱ्यांपलीकडे आपली मजल जात नाही. आम्हां उभयतांचीही पन्नास-पंचावन्न वर्षे या दोन शेऱ्यांवर विनासायास निभावली.

पुढे आमची धाकटी लेक बारावीनंतर मुंबईला चित्रकला शिकू लागली. शनिवारी वसईला घरी आली की नवे काम भिंतीला टेकवून ठेवी आणि आमच्या तोंडाकडे पाही. आम्ही म्हणू, “छान झालंय, बाळा.” ती नुसते “हं” म्हणे आणि चित्र उचलून आत नेई. हळूहळू तिने चित्रे घरी आणणेच सोडले. घरात भांडण नव्हते, अबोलाही नव्हता. परंतु ज्या गोष्टीत लेकीचा जीव गुंतला होता, तिच्याविषयी बोलायला आमच्या घरात भाषाच नव्हती. ती भाषा थोडीफार तरी शिकावी, या एकाच हेतूने 2021 च्या पावसाळ्यात आम्ही न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा आधुनिक कलेचा प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर सुरू केला.

अभ्यासक्रमाचे चार भाग होते: स्थळ आणि अवकाश, कला आणि स्वत्वाची ओळख, रोजच्या वस्तूंचे रूपांतर, आणि कला व समाज. वाडीतली कामे उरकून, रात्रीची रोझरी आटोपली की आम्ही संगणकापुढे बसत असू. शिक्षिकेचे इंग्रजी भरभर चाले. एकजण वहीत टिपणे काढी आणि दुसऱ्याचा दर दोन वाक्यांमागे “थांबवा जरा” असा हुकूम सुटे.

व्हॅन गॉगचे ‘तारांकित रात्र’ कॅलेंडरांवर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. 1889 च्या जून महिन्यात, दक्षिण फ्रान्समधील सां-रेमीच्या मनोरुग्णालयात राहत असताना त्याने ते रंगवले. आकाश आणि टेकड्या त्याच्या खिडकीतल्या. चित्रातले गाव मात्र त्या खिडकीतून दिसतच नव्हते, ते त्याने मनाने वसवले. चर्चचा उंच, निमुळता मनोराही फ्रान्सच्या त्या भागातला वाटत नाही. तो त्याच्या मायदेशाची, हॉलंडची, आठवण करून देतो. हे कळल्यावर चित्र पुन्हा पाहिले. परमुलखात, आजारपणात पडलेला माणूस खिडकीशी उभा राहून गावाकडचे चर्च आकाशाखाली आणून ठेवतो! घर सोडून राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि ते समजले की आभाळातल्या त्या भोवऱ्यांकडे पाहून ‘तारे असे कुठे असतात?’ असे विचारावेसे वाटत नाही.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसवून मार्सेल द्युशाँने 1913 मध्ये केलेली कृती मात्र आमच्या पचनी पडायला वेळ लागला. आमच्यात त्यावर दोन रात्री वाद झाला. कलावंताचे कसब हातात असते की निवडीत, हा त्या चाकाचा प्रश्न आम्हांला कळला; उत्तरावर आमचे अजूनही एकमत नाही. तरीही एका चाकावरून नवरा-बायकोने दोन रात्री बोलत बसावे, हे आमच्या घरात प्रथमच घडत होते.

सर्वांत जवळचा वाटला तो जेकब लॉरेन्स. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी उत्तरेकडच्या शहरांत गेली. ती कथा या तरुणाने 1940-41 मध्ये 60 छोट्या चित्रांत सांगितली; तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. साठही फळ्या समोर मांडून तो एकेक रंग सर्व फळ्यांवर लावीत गेला, त्यामुळे सारी चित्रे एकाच कुटुंबातली वाटतात. पहिल्याच चित्रात स्टेशनवर लोटलेली गर्दी आहे आणि तीन दरवाजांवर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस ही नावे आहेत. माणसांचे चेहरे स्पष्ट नाहीत. दिसतात त्या टोप्या, कोट आणि हातांतल्या बॅगा. आखातात नोकरीसाठी निघालेल्या मुलांना पोचवायला आपल्यापैकी कितीजण विमानतळावर गेले असतील! त्या गर्दीची ओळख आम्हांला पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही.

याच सुमारास तीन प्रश्न आमच्या वाचनात आले. त्याच म्युझियमच्या शिक्षण विभागाचे एकेकाळचे प्रमुख फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाऊसेन यांनी ते शाळांसाठी घडवले. या चित्रात काय चालले आहे? असे म्हणण्याजोगे तुम्हांला त्यात काय दिसते? आणखी काय सापडते? यांत ‘आवडले का?’ हा प्रश्न कुठेच नाही. दुसरा प्रश्न आपल्याला कल्पनेतून पुन्हा चित्राकडे ओढून आणतो आणि तिसरा उठू देत नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही लेकीला म्हटले, “एखादं चित्र दाखवशील का? आम्ही काही बोलणार नाही, फक्त बघू.” तिने थोड्या नाखुषीनेच एक कॅनव्हास आणला. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले लाल लुगडे, मागे विहीर, माणूस एकही नाही. आम्ही खुर्च्या ओढून बसलो. पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग एकाला दिसले की लुगड्याचा काठ जवळजवळ जमिनीला टेकला आहे. दुसऱ्याला दिसले की दोरीच मुळी फार खाली बांधलेली आहे. तिच्याखालून उभ्याने जाता येणार नाही. आम्ही विचारले, “दोरी इतकी खाली का गं?”

ती म्हणाली, “आजी शेवटच्या वर्षी वाकली होती ना. तिचा हात पोचावा म्हणून तुम्हीच खाली बांधली होती.”

ती दोरी आमच्याच हातांनी बांधलेली. आम्ही विसरून गेलो होतो. लेकीने ती लक्षात ठेवली होती आणि तिच्या उंचीत आजी दाखवली होती. त्या रात्री जेवणे थंड झाली, पण तिने आतली आणखी चार चित्रे बाहेर आणली.

अभ्यासक्रमाने आम्हांला समीक्षक केले नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. एवढेच शिकलो की चित्राला वेळ द्यावा लागतो, अगदी घरी आलेल्या पाहुण्याला देतो तसा. वाचकहो, तुमच्या घरात एखादे मूल चित्रे काढीत असेल, तर त्याला शाबासकी जरूर द्या; पण त्याआधी खुर्ची ओढून बसा. येत्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या चौदा चित्रांपैकी कोणत्याही एकापुढे मुलांना घेऊन, प्रार्थना संपल्यावर, पाच मिनिटे अधिक थांबा आणि ते तीन प्रश्न विचारा. उत्तरे मुलांना आधी सुचतील. ती ऐकून घ्या.