पाटकरी

माझ्या खेळाचा पहिला पट लग्नपत्रिकांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलेला होता. पांझरा नदीवरची फड पद्धत हा त्याचा गाभा. बंधाऱ्यातून निघणारा पाट, एका फडात सगळ्यांनी घ्यायचं एकच पीक आणि पाणी वाटणारा पाटकरी. दर फेरीला पाटकरी बदलतो. पाणी कमी पडलं की कोणाच्या शेताला आधी द्यायचं यावरून खेळणाऱ्यांत खरीखुरी वादावादी होते, आणि ती होताना बघणं हाच माझा आनंद.

दोन वर्षं घासूनपुसून नियम बसवले आणि एका विक्रेत्याकडे गेले. बोलता बोलता त्यानं नियमांच्या वहीचे फोटो फोनमध्ये काढून घेतले. मी गप्प राहिले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

वकीलबाईंकडे गेले ती पेटंट मागायलाच. त्यांनी १९७० चा पेटंट कायदा उघडला. कलम ३(एम) : खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही. कॉपीराइटही कल्पनेला नाही, ती मांडलेल्या शब्दांना आणि चित्रांना. त्यांनी स्क्रॅब्युलस या स्क्रॅबलसारख्याच खेळाचा खटला सांगितला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशात स्क्रॅबलच्या पटावरचा कॉपीराइटचा दावा उचलून धरला नाही. पण त्या नावाशी मिळतंजुळतं नाव वापरायला मनाई केली. म्हणजे नाव राखता येतं, नियम नाही. मला फार लागलं ते.

त्याच महिन्यात साक्रीकडे गेले होते. तिथल्या एका आजोबांचे वडील पाटकरी होते. त्यांनी दोन डाव खेळून पटावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पाळीचा नियम तर आमच्या बापजाद्यांचा. यातलं तुझं काय, पोरी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतताना एसटीत वही काढली आणि खरोखर माझं काय आहे ते लिहीत गेले. पाटकऱ्याची पाळी त्यात नव्हती.

पुस्तिकेतले शब्द माझे, म्हणून साहित्यकृतीची नोंदणी, ५०० रुपये शुल्क. नाव माझं, म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज, खेळांच्या २८व्या वर्गात, ऑनलाइन ४,५०० रुपये. आता कोणाला खेळ दाखवायचा तर आधी गोपनीयतेच्या कागदावर सही; जो सही करत नाही त्याला नुसता एक डाव खेळू देते, वही पिशवीतच राहते.

चित्रं मात्र माझी नव्हती. पटावरचा पाट, बंधाऱ्यावरचं पिंपळाचं झाड, सगळं मावसबहिणीनं काढलेलं, एक पैसा न घेता. हक्क तिचाच, आणि तो तोंडी माझ्याकडे येत नाही. लेखी करार हवा, त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरलं जातं. मला हे ठाऊकच नव्हतं. पाच वर्षांनी आम्हा दोघींत काय झालं असतं, या विचारानं पोटात गोळा आला.

कागद तिच्यासमोर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "ताई, आपल्यात कशाला गं हे?" मग शांतपणे सगळा वाचला. मोबदल्याच्या आकड्यावर काही बोलली नाही. खोक्यावर तिचं नाव यावं, एवढंच म्हणाली. मी ते कलम वाढवलं. त्याखाली आणखी एक : पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पांझराकाठच्या पाटकऱ्यांचा उल्लेख छापायचा, आणि तो कोणत्याही आवृत्तीतून गाळायचा नाही. दोघींनी सह्या केल्या.